भैरवीआधी उठू नका: आपल्या श्रवणमंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद,
नाशिक

सप्रेम नमस्कार.

नव्या वर्षाचं वेळापत्रक परवा ग्रुपवर आलं. जानेवारीची बैठक इंग्लंडच्या बीटल्स या चौघांच्या बँडवर ठेवलीत हे वाचून मला किती आनंद झाला ते काय सांगू! मी सभासद झाले त्याला चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपण इंग्रजी गाण्यांना अख्खी संध्याकाळ देतो आहोत. पण खालची ओळ वाचली आणि घास कडू झाला. ‘१९६३ ते १९६७, उमेदीचा काळ. बँड फुटतानाचे अल्बम वेळेअभावी वगळले आहेत.’

मी फोन केला. आपल्यातल्याच एका ज्येष्ठांनी समजावून सांगितलं, ‘अहो ताई, शेवटी शेवटी त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. भांडणातलं संगीत लोकांना कशाला ऐकवायचं?’ त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मंडळाच्या सतरंज्या त्यांनी स्वतः घातलेल्या मी पाहिल्या आहेत. पण हे उत्तर काही केल्या माझ्या गळी उतरलं नाही. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आपण जो अल्बम वगळलात तो ‘अ‍ॅबी रोड’. माझ्या मते तो त्यांचा सगळ्यांत चांगला अल्बम आहे. जानेवारीत एकच अल्बम वाजवायचा असेल तर तोच वाजवावा, अशी माझी विनंती आहे.

आधी एक गोंधळ दूर करते, कारण फोनवरही तो झाला. बाजारात सगळ्यात शेवटी आला तो ‘लेट इट बी’, ८ मे १९७० ला. पण त्यातलं बहुतेक काम १९६९ च्या जानेवारीतलं आहे. सकाळी सकाळी फिल्म स्टुडिओत बोलावलेलं, चहूकडे कॅमेरे लावलेले, कोणाचंच मन लागत नाही, जॉर्ज हॅरिसन तर एके दिवशी उठून घरी निघून गेला. भांडणातलं संगीत म्हणायचं तर ते म्हणा, मी वाद घालणार नाही. त्या टेप तशाच पडून राहिल्या. मग त्याच वर्षी पॉल मॅकार्टनीनं जॉर्ज मार्टिनला फोन केला. मार्टिन हा त्यांचा पहिल्यापासूनचा निर्माता, जानेवारीत जवळजवळ बाजूला पडलेला. पूर्वी करायचो तसा एक अल्बम करू या, असं पॉलचं म्हणणं. मार्टिननं अट घातली की मग मलाही पूर्वीसारखं काम करू द्यायचं, आणि जॉन लेननसकट सगळ्यांनी. सगळे हो म्हणाले. त्यातून ‘अ‍ॅबी रोड’ झाला, आणि तो २६ सप्टेंबर १९६९ ला आला. चौघांच्या हातून मिळून झालेलं शेवटचं काम ते हेच. शेवटचा अल्बम कोणता हे दुकानात आल्याच्या तारखेनं ठरवू नये, काम कधी झालं त्यानं ठरवावं.

भांडण होतं, ते मी नाकारत नाही. त्यांचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन १९६७ च्या ऑगस्टमध्ये गेला आणि घराला कर्ता उरला नाही. पैशाचे व्यवहार कोणी पाहायचे यावरून दोन तट पडले. तिघांनी अ‍ॅलन क्लाइनला नेमलं, पॉलला तो नको होता. ही मे १९६९ ची गोष्ट. जुलै-ऑगस्टमध्ये तेच चौघं स्टुडिओत एकमेकांच्या गाण्यांना साथ करत होते. आपण ‘फुटतानाचा काळ’ म्हणून ज्यावर काट मारलीत, तो हा उन्हाळा.

आता मी हा अल्बम कसा ऐकला ते सांगते, कारण माझं मत तिथूनच तयार झालंय.

माझे मामा नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरीला होते, राहायला प्रेसच्या क्वार्टर्समध्ये. त्यांच्याकडे सुटकेससारखा उघडणारा रेकॉर्ड प्लेअर होता आणि दहा-बारा रेकॉर्ड. बहुतेक नाट्यसंगीत, आणि एक ही, कलकत्त्याच्या डमडम कारखान्यात छापलेली. १९८० च्या डिसेंबरात जॉन लेननला न्यूयॉर्कमध्ये गोळ्या घातल्या. तारीख ८ डिसेंबर. मी सातवीत होते, लेनन कोण ते मला माहीत नव्हतं. त्या रविवारी मामांनी ही रेकॉर्ड काढली, रुमालानं पुसली, आणि म्हणाले, ‘बस इथं. मधे बोलायचं नाही.’

पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं लेननचं आहे, ‘आय वाँट यू’. पावणेआठ मिनिटांचं. शेवटी शेवटी शब्द नाहीतच, गिटारची एकच ओळ फिरून फिरून येते आणि तिच्यामागे वाऱ्यासारखा घोंघाट वाढत जातो. तो घोंघाट सिंथेसायझरचा आहे, हे पुढे कळलं. तेव्हा फक्त भीती वाटली होती. घोंघाट वाढत वाढत आता काहीतरी होणार, आणि खट्. काहीच नाही. गाणं संपत नाही, कापलं जातं. लेननंच टेप तिथं कापायला सांगितली होती.

आतून मामींचा आवाज आला, ‘लाइट गेली का हो?’

मामा म्हणाले, ‘नाही. बाजू संपली.’

ते उठले, रेकॉर्ड दोन तळहातांत कडेनं धरून उलटली, फुंकर मारली, सुई ठेवली. आणि गिटारवर ‘हिअर कम्स द सन’ सुरू झालं. कार्यकारिणीतल्या सर्वांना माझं कळकळीचं सांगणं आहे की रेकॉर्ड उलटण्यात जे अर्धं मिनिट जातं ते या अल्बमचाच भाग आहे. आधी तो काळोख, मग शांतता, माणूस जागेवरून उठतो, आणि मग ऊन. मोबाइलवर हे दोन ट्रॅक एकापाठोपाठ एक येतात आणि ते अर्धं मिनिट हरवतं.

‘हिअर कम्स द सन’ जॉर्जनं १९६९ च्या वसंतात लिहिलं. बँडच्या कंपनीच्या बैठकांना कंटाळून एक दिवस दांडी मारून तो मित्र, गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या घरी गेला आणि तिथल्या बागेत त्याला हे गाणं सुचलं. रेकॉर्डिंग सुरू झालं ७ जुलैला, ड्रम वाजवणाऱ्या रिंगो स्टारचा वाढदिवस होता त्या दिवशी. लेनन नव्हता, स्कॉटलंडमध्ये मोटारीचा अपघात होऊन तो अजून सावरत होता. या गाण्याचा मधला भाग आपल्या मंडळानं खास कान देऊन ऐकावा असा आहे. सरळ चारच्या चालीत चाललेलं गाणं एकदम वाट सोडतं. पाश्चात्त्य पद्धतीनं लिहिताना तो भाग ११/८, ४/४ आणि ७/८ असा लिहितात. तसं मोजायला गेलं की माणूस गोंधळतो. पण आपण तिहाई, म्हणजे तीनदा येऊन समेवर पडणारा तुकडा, ऐकत वाढलेली माणसं. तीन-तीनच्या गटांत उतरत येणारी ती ओळ, टाळ्यांनी धरलेली, पुन्हा पुन्हा येऊन समेवर सोडणारी, आपल्याला मोजावी लागत नाही. मी मुलांना तबल्याच्या साथीनं गाणं शिकवते. आठ वर्षांच्या मुलालाही ती सम हातानं बरोबर दाखवता येते, हे मी स्वतः पाहिलंय.

आणि हे आकाशातून पडलेलं नाही. जॉर्ज १९६६ मध्ये रविशंकरांकडे सतार शिकायला भारतात आला होता. १९६८ च्या जानेवारीत मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत बसून त्यानं आपल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग केलं. मुंबई, म्हणजे इथून पावणेदोनशे किलोमीटर. आधीच्या अल्बमांत त्यानं सतार वाजवली, ती कानाला लगेच कळते. इथं सतार नाही, तबला नाही. शिकलेलं अंगात मुरलं की वाद्याची गरज उरत नाही. आपल्या उमेदीच्या काळाच्या यादीत सतारीचं गाणं आहे, मला ते प्रियच आहे. पण विद्या पचलेली ऐकायची असेल तर ती इथं आहे.

मामांच्या घरचीच एक गोष्ट इथं सांगायला हवी. त्यांचे दोघं थोरले भाऊ निफाड तालुक्यात द्राक्षबाग करायचे. काही वर्षांनी दोघांत वाटणी ठरली. हंगाम झाला की कागद करायचे, असं बोलणं झालं होतं. बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या, चुली आधीच वेगळ्या. गोडी छाटणी मात्र दोघांनी एकत्र केली होती, घड पोसत होते, आणि त्या वर्षी थंडी अशी पडली की पहाटे दातावर दात वाजावेत. मणी तडकायची भीती. पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या, धूर करायचा. मी तेव्हा सुट्टीला तिथं गेले होते. कंदील घेऊन मामांबरोबर बांधावर उभी होते. धाकटा भाऊ ज्या ओळींत काटक्या टाकत होता त्या ओळी थोरल्याच्या वाट्याला जायच्या होत्या. हे त्यालाही ठाऊक होतं, आम्हालाही. तो त्या ओळींत जास्त वेळ वाकून बसला, तिकडे उतार होता आणि गारठा साचायचा. माल किती निघाला, भाव काय मिळाला, काही आठवत नाही. त्याचं ते वाकणं आठवतं. कागद ठरल्याप्रमाणे झाले.

‘अ‍ॅबी रोड’ ऐकताना मला ते वाकणं ऐकू येतं, आणि तेच मला त्यांच्या आधीच्या कुठल्याही अल्बममध्ये इतकं ऐकू येत नाही. ‘समथिंग’ घ्या. गाणं जॉर्जचं. जॉर्ज म्हणजे घरातला धाकटा, वर्षानुवर्षं एका अल्बमात एक-दोन गाणी मिळवणारा, कारण लेनन आणि मॅकार्टनी यांचीच गाणी संपत नव्हती. त्या गाण्यात पॉलचं बेस गिटार ऐका. मागे राहून ताल धरणं एवढंच काम असलेलं वाद्य तिथं दुसरा गायक होऊन गातं, आणि तरी जॉर्जच्या आवाजावर पाय देत नाही. लेनन स्वतः म्हणाला होता की या अल्बममधलं सगळ्यात चांगलं गाणं बहुधा हेच. बीटल्सच्या एकेरी तबकडीच्या पहिल्या बाजूला जॉर्जचं गाणं आलं ते पहिल्यांदा हेच, १९६९ च्या ऑक्टोबरात.

किंवा ‘बिकॉज’. लेननची बायको योको बीथोव्हनचा ‘मूनलाइट सोनाटा’ पियानोवर वाजवत होती, त्यातून लेननला ते सुचलं. जॉन, पॉल आणि जॉर्ज तिघांनी तीन वेगवेगळ्या ओळी गायल्या, मग त्याच पुन्हा, मग पुन्हा. तीन गुणिले तीन, नऊ आवाज. ज्यांनी समूहगीत बसवलंय त्यांना यातली मेहनत कळेल. सूर जुळवणं सोपं, श्वास जुळवणं अवघड. एकानं शब्द सोडला की दुसऱ्यानं त्याच क्षणी सोडायचा, ‘स’ कोणाचाही मागे रेंगाळता कामा नये. माझी पंधरा मुलं दोन महिने सराव करून जे जेमतेम साधतात ते या तिघांनी त्या ऑगस्टमध्ये केलं. एकमेकांकडे लक्ष न देता हे होत नाही. कोणत्याही गाणाऱ्याला विचारा.

सगळंच सोनं आहे असं मी म्हणणार नाही. ‘मॅक्सवेल्स सिल्व्हर हॅमर’ मला आजही आवडत नाही. पॉलनं त्यावर इतके दिवस घालवले की बाकीचे वैतागले, आणि तो वैताग रास्त होता. नवेपणाच्या बाबतीत १९६६ चा ‘रिव्हॉल्व्हर’ मोठा, हेही मान्य. ‘सार्जंट पेपर’नं लोकांना तोंडात बोटं घालायला लावली, तसं ‘अ‍ॅबी रोड’नं केलं नाही. पण तोंडात बोटं घालायला लावणं आणि पन्नास वर्षं सोबत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘पेपर’ मी कौतुकानं ऐकते. ‘अ‍ॅबी रोड’ मी आई गेली त्या आठवड्यात ऐकला.

आपल्या यादीत पहिला अल्बम आहे, ‘प्लीज प्लीज मी’. त्यातली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ ला, एकाच दिवसात रेकॉर्ड झाली, दोन ट्रॅकच्या यंत्रावर. जरूर ऐकवा, त्यातला तरुण जोर पुन्हा कधी आला नाही. पण त्याच इमारतीत साडेसहा वर्षांनी, आठ ट्रॅकच्या यंत्रावर त्याच माणसांनी काय केलं ते ऐकवलं नाही तर श्रोत्यांना प्रवास अर्धाच कळेल. लंडनमधल्या त्या रस्त्याचं नाव अ‍ॅबी रोड. स्टुडिओचं नाव तेव्हा ईएमआय स्टुडिओज होतं. या अल्बमनंतर स्टुडिओलाच रस्त्याचं नाव मिळालं.

आता दुसऱ्या बाजूच्या उत्तरार्धाकडे येते. माझं मत खरं तर त्या सोळा मिनिटांवर उभं आहे.

आठ गाणी, एकात एक गुंफलेली. त्यातली काही तर पुरती गाणीही नाहीत, तुकडे आहेत. ‘मीन मिस्टर मस्टर्ड’ आणि ‘पॉलिथीन पॅम’ हे लेननचे दोन तुकडे १९६८ मध्ये ऋषीकेशला असताना लिहिलेले, नंतर कुठंच न बसलेले. ‘गोल्डन स्लंबर्स’चे शब्द थॉमस डेकर या सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या नाटककाराचे. वडिलांच्या घरी पियानोवर ठेवलेल्या पुस्तकात पॉलला ते दिसले, स्वरलिपी वाचता येत नव्हती म्हणून त्यानं स्वतःची चाल बांधली. जुन्या अभंगाला नवी चाल लावतात ना, तसंच. लेननला ही गुंफण फारशी आवडत नव्हती. उरलेसुरले तुकडे जोडले आहेत, असं तो नंतर उघड म्हणाला.

लेननचं निरीक्षण खरं आहे. निष्कर्ष मला पटत नाही. आपल्या मंडळात हे पटवून द्यायला मला फार लांब जावं लागणार नाही. मैफल संपताना आपण भैरवी ऐकतो. तीही बहुधा मिश्र भैरवी, तिच्यात बाराही स्वर चालतात. संध्याकाळभर ज्या रागात जो स्वर वर्ज्य म्हणून बाहेर ठेवला होता, त्या सगळ्यांना भैरवीत जागा मिळते. गवई त्यात ठुमरीचा तुकडा घालतो, भजन घालतो, मधेच एखादी नाट्यपदाची ओळ दाखवून परत येतो. त्याला कोणी उरलंसुरलं म्हणत नाही. जे अन्यत्र बसत नव्हतं ते सगळं एका ओटीत घेऊन मैफल पुरी करणं हेच तर भैरवीचं काम. त्या सोळा मिनिटांत हेच होतं. ऋषीकेशचे तुकडे, डेकरचे शब्द, पैशाचं भांडण, सगळं आत येतं. हो, पैशाचं भांडणसुद्धा. ‘यू नेव्हर गिव्ह मी युअर मनी’ हे त्या वर्षीच्या कज्ज्यावरच लिहिलंय. आणि त्याची चाल पुढे ‘कॅरी दॅट वेट’मध्ये परत येते, धृपदासारखी. ओझं पुष्कळ काळ वाहावं लागणार आहे अशा अर्थाची ती ओळ चौघं एकत्र गातात. रिंगोसुद्धा. ज्या गोष्टीवरून घर फुटत होतं, तीच गोष्ट चौघं एका सुरात गातात! मला दुसरं असं उदाहरण माहीत नाही.

मग ‘द एंड’. रिंगो स्टारला एकट्यानं ड्रम वाजवून दाखवणं कधी आवडलं नाही. बीटल्सच्या सगळ्या रेकॉर्डमध्ये त्याचं ड्रमचं एकट्याचं वादन हे एवढंच, पंधरा-सोळा सेकंदांचं, तेही बाकीच्यांनी आग्रह केला म्हणून. नाशिक ढोलावर वाढलेल्या आपल्या कानांना ते साधं वाटेल. साधंच आहे. पण ते ठाम आहे, एकही काठी जास्तीची नाही. त्यापाठोपाठ तीन गिटार. आधी पॉल, मग जॉर्ज, मग जॉन, प्रत्येकाला दोन-दोन आवर्तनं, अशा तीन फेऱ्या. सवाल-जवाब म्हणू नका, कारण त्यात कोणी कोणाला हरवायला निघालेलं नाही. पॉलचं वाजवणं टोकदार, जॉर्जचं गोड आणि घोटलेलं, जॉनचं खरखरीत. डोळे मिटून ऐका, दुसऱ्या फेरीपर्यंत कोण कुठला ते ओळखता येतं. एक थांबतो तिथंच दुसरा उचलतो. आणि शेवटी पॉलचे दोन चरण, प्रेम जितकं द्याल तितकंच तुम्हाला मिळतं अशा अर्थाचे, आणि सूर मिटतो.

आपल्यातले काही म्हणतील, दिवा विझताना मोठा होतो, त्यात काय विशेष. मला हे म्हणणं मान्य नाही. आपण विझतो आहोत हे दिव्याला कुठं माहीत होतं? जॉर्ज मार्टिन पुढे म्हणाले की हा शेवटचा अल्बम असेल असं सगळ्यांना वाटत होतं. पण त्याच सप्टेंबरातली एका बैठकीची टेप आहे, तिच्यात जॉन, पॉल आणि जॉर्ज पुढच्या अल्बमबद्दल बोलताना ऐकू येतात, कोणाची किती गाणी घ्यायची याबद्दलसुद्धा. पुढे काही दिवसांतच, २० सप्टेंबरला, जॉननं मी बँड सोडतोय असं सांगून टाकलं. अल्बम दुकानात यायला सहा दिवस होते. म्हणजे निरोपाचा सोहळा म्हणून कोणी हे वाजवलं नव्हतं. हातातलं काम नीट पुरं करायचं, एवढंच ठरवून वाजवलं.

आणि भैरवीही तशीच असते. ही आपली शेवटची मैफल आहे हे कोणत्याच गवयाला ठाऊक नसतं, तरी तो प्रत्येक मैफलीत भैरवी गातो. पं. द. वि. पलुस्कर आपल्या नाशिकचे, १९२१ चा जन्म. त्यांचे वडील विष्णु दिगंबर आयुष्याच्या उत्तरार्धात पंचवटीत येऊन राहिले. द. वि. १९५५ मध्ये गेले, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. त्यांची भजनं आपण दर वर्षी ऐकतो. ‘हे शेवटच्या वर्षातलं, सोडून द्या’ असं आपल्या मंडळात आजवर कोणी म्हटलं नाही.

एक तक्रारही लिहिते, राग धरू नका. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गटाच्या कार्यक्रमात हाच अल्बम लावला होता. लॅपटॉपवरून, प्रत्येक गाण्यानंतर दोन सेकंदांची फट. एकात एक मिसळलेली गाणी अशी तुटत होती की मला बसवेना. आणि ‘द एंड’ संपताक्षणी कोणीतरी दिवे लावले, चहा आला, खुर्च्या सरकल्या. त्या गडबडीत शेवटचं गाणं वाजून गेलं. माझ्या शेजारच्या बाईंना ते वाजलं हेही कळलं नाही.

ते गाणं ‘हर मॅजेस्टी’, तेवीस सेकंदांचं. आधी ते त्या गुंफणीत मधोमध होतं. पॉलला तिथं आवडलं नाही, टाकून द्या म्हणाला. पण बीटल्सचं काही फेकायचं नाही असा स्टुडिओचा दंडक, म्हणून जॉन कर्लँडर या तरुण सहायकानं तो तुकडा कापून टेपच्या अगदी शेवटी, मधे कोरी फीत सोडून जोडून ठेवला. ऐकताना पॉलला ते आवडलं आणि तसंच ठेवलं. म्हणून त्याच्या सुरुवातीला आधीच्या गाण्याचा शेवटचा ठोका चिकटून आला आहे, आणि त्याचा स्वतःचा शेवटचा सूर मागे राहून गेला आहे. सुरुवातीच्या वेष्टनांवर त्याचं नावही नव्हतं.

मामांना हे काही माहीत नव्हतं. त्या रविवारी ‘द एंड’ संपल्यावर ते उठले, सुईकडे हात नेला आणि तसेच थांबले. का थांबले ते मी कधी विचारलं नाही. सुई नुसती फिरत होती, खरखर ऐकू येत होती, मामी दारात येऊन उभ्या होत्या, हाताला कणीक. आणि मग एकदम तो ठोका, आणि एकट्या गिटारवरचं ते चिमुकलं गाणं. मामी दचकल्या आणि हसल्या. गाणं अर्ध्यावर संपलं. मामांचा हात तसाच हवेत होता.

ती रेकॉर्ड आता माझ्याकडे आहे. पहिल्या बाजूवर एक ओरखडा आहे, ‘ऑक्टोपसेस गार्डन’मध्ये दोनदा टक् असा आवाज येतो, बाकी ठीक आहे. दोन्ही बाजू मिळून सत्तेचाळीस मिनिटं होतात, म्हणजे आपल्या दीड तासात ‘प्लीज प्लीज मी’सुद्धा सहज बसेल. वेळेचा प्रश्न उरत नाही. रेकॉर्ड प्लेअर आपल्या हॉलवर आहे, त्याचा पट्टा मी बदलून आणते. उलटायला मीच उठेन. जानेवारीतली संध्याकाळ असेल, खिडक्या बंद ठेवाव्या लागतील, सतरंज्यांवर एखादी जाड चादर टाकावी. चहा आधी द्या किंवा अगदी शेवटी. आणि दिव्यांपाशी जे कोणी बसतील त्यांना एवढं सांगून ठेवा, ‘द एंड’ झाल्यावर चौदा सेकंद काही वाजणार नाही, तेवढं बटणाला हात लावू नका.

आपली,
एक सभासद